‘आई’ म्हणजे आजी

(आमच्या घरच्या ग्रुपवरचं संभाषण आहे. ताईला विचारून टाकतोय. नावं माझ्या फोनमध्ये सेव्ह आहेत तशीच ठेवलीत. ताई-जिजाजी एक मुलगा दत्तक घेतायत; त्या धाकट्याचं नाव, जिल्हा आणि फोटो काढलेत, का ते पुढे कळेल. ताई-जिजाजी न्यू जर्सीत एडिसनला असतात. चिऊ त्यांची थोरली, आठ वर्षांची, तीही दत्तक. बाकी आम्ही पुण्यात, आत्या-काका नाशिकला. ‘कारा’ म्हणजे दत्तक प्रक्रिया बघणारी केंद्र सरकारची संस्था, आणि एनओसी म्हणजे तिचं ना-हरकत पत्र.)

शनिवार

ताई: जागे आहात का सगळे? एनओसी आली!! काराकडून आली!!

दादा: अरे वा!!! पेढे कुठेयत?

आई: देव पावला. मग आणायला कधी जायचं?

ताई: अजून नाही गं आई. आता फाइल जिल्हाधिकाऱ्यांकडे. त्यांचा आदेश झाला की काराचं हेग करारातलं (परदेशी दत्तकासाठीचा आंतरराष्ट्रीय करार) प्रमाणपत्र, मग त्याचा भारतीय पासपोर्ट, मग दिल्लीला अमेरिकन वकिलातीत व्हिसा. तोवर बॅगा भरायच्या नाहीत असं मी आणि ह्यांनी ठरवलंय. (एक भरून झालीय. चिऊनं भरली.)

बाबा: जिल्हाधिकारी कसे? चिऊच्या वेळी कोर्टात होतं.

ताई: तेव्हा २०१९ होतं बाबा. सप्टेंबर २०२२ पासून आदेश जिल्हाधिकारी देतात.

बाबा: दोन महिन्यांत निकाली काढायचं असं कायद्यात आहे. अर्थात कोर्टालाही दोनच महिने होते. मी शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालोय, जास्त बोलत नाही.

नाशिकची आत्या: अभिनंदन गं बाळा. पण मला एक कळत नाही, साडेचार वर्षांचा का? तान्हं आणलं असतं तर आपल्या वळणाचं झालं असतं.

ताई: आत्या, नोंदणी केली तेव्हा आमच्या दोघांच्या वयांची बेरीज ८९ होती. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ८५ ची मर्यादा आहे. दोन ते चारला ९०, चार ते आठला १००. शिवाय आम्ही आता ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेले भारतीय. आधी भारतातले आणि एनआरआय पालक, साठ दिवसांत त्यांच्यात कुणी मिळालं नाही तर मग आमच्यासारखे. पाच वर्षांवरची मुलं, भावंडं आणि काही दुखणं असलेली मुलं, यांना परदेशी पाठवताना प्राधान्य. आमचा त्यातला.

बाबा: म्हणजे आपल्याच देशातलं मूल आणि कागदोपत्री परदेशी दत्तक.

ताई: हो ना. इथल्या सोशल वर्करच्या फायलीत तर भारत म्हणजे ‘दुसरा देश’. पहिल्यांदा वाचलं तेव्हा कसंतरीच झालं होतं.

नाशिकची आत्या: त्यापेक्षा आपल्यातलंच कुणाचं तरी ओटीत घेतलं असतं. पूर्वी असंच व्हायचं.

बाबा: अक्का, ओटीत घालून व्हिसा मिळत नाही. नात्यातलं मूल परदेशी न्यायचं तरी कारामार्फतच जावं लागतं.

नाशिकचे काका: वयाचं म्हणाल तर आमच्या मालेगावजवळच्या कवळाण्याचे गोपाळराव १८७५ साली बडोद्याला दत्तक गेले तेव्हा बारा वर्षांचे होते. महाराणी जमनाबाईंनी घेतले. पुढे सयाजीराव महाराज झाले. तेव्हा साडेचार म्हणजे लहानच.

ताई: काका, बडोद्याला गादी होती. आमच्याकडे टाउनहाऊस आहे आणि त्याचे हप्ते.

नाशिकचे काका: तेच सांगतोय. गादी नसेल तर तक्रार कसली.

नाशिकची आत्या: आणि ते ओठाचं काय म्हणालीस मागे? ग्रहणात काही कापलं असेल त्याच्या आईनं.

वहिनी: आत्या, रोज दाताच्या खुर्चीवर बसलेले पेशंट मला हेच विचारतात, म्हणून सांगते. ग्रहणाचा काही संबंध नाही. ओठ आणि टाळू गर्भात पहिल्या तीन महिन्यांत जुळतात, कधी जुळायचे राहतात. त्या बाईनं काही कापलं नव्हतं.

वहिनी: वन्सं, रिपोर्ट मी दोनदा वाचला. ओठ वेळेवर शिवलाय. टाळू जरा उशिरा शिवली, म्हणून शब्द नाकात जातात. भोक वगैरे राहिलेलं दिसत नाही. स्पीच थेरपी लागेल, आणि आठ-नऊ वर्षांचा झाला की हिरडीत हाड भरायचं एक ऑपरेशन. बाकी ठणठणीत आहे.

ताई: थँक्यू गं. इथल्या डॉक्टरही हेच म्हणाल्या. तुला आठवतंय, मूल राखून ठेवायला ९६ तास होते आणि त्यातले ४० मी फक्त फोटोकडे बघण्यात घालवले. तू रात्री दोनला फोन उचललास.

वहिनी: सकाळी रूट कॅनाल होतं. पेशंटचं नशीब.

मी: ताई, कालच्या कॉलचं सांग ना. जिजाजी म्हणाले काहीतरी गंमत झाली.

ताई: सांगते. मोठं आहे, चहा घेऊन बसा.

ताई: संस्थेनं दहा मिनिटांचा व्हिडिओ कॉल दिला. तो स्टुलावर, पाय लोंबकळत, केसांना चप्प तेल. शेजारी तिथल्या माउसी, म्हणजे मावशीच. आम्ही तिघं इकडे सोफ्यावर, चिऊ मध्ये. तो काही बोलेना, शर्टाचं वरचं बटण काढत-लावत बसला होता. मग चिऊला राहवेना. तिनं माझ्याकडे बोट दाखवून मोठ्यानं सांगितलं, ‘आई! ही आई!’ त्यानं मान वर केली. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे बघितलं, परत माझ्याकडे. मग माउसींच्या कानात काहीतरी विचारलं आणि त्या हसत सुटल्या.

ताई: त्याच्या ओडिया भाषेत ‘आई’ म्हणजे आईची आई. आजी!! तो विचारत होता, ह्यांची आजी एवढी लहान कशी.

दादा: मेलो

वहिनी: वन्सं, एवढी चांगली कॉम्प्लिमेंट आयुष्यात परत मिळायची नाही.

मी: मग आईला काय म्हणतात?

ताई: मा. किंवा बोऊ.

नाशिकची आत्या: बाऊ? कुठे लागलं त्याला?

ताई: बाऊ नाही आत्या, बोऊ. बोऊ म्हणजे आई.

नाशिकचे काका: आणि आजोबा?

ताई: आईचे वडील म्हणजे अजा. बाबा, तुमचं फारसं बिघडलं नाही.

बाबा: ठीक आहे. चालेल.

आई: म्हणजे तो मला ‘आई’ म्हणणार का?

ताई: हो गं. तूच खरी आई.

आई: 🙂

(आईनं पहिल्यांदाच नुसता स्मायली पाठवला. एरवी ती ‘ठीक आहे’सुद्धा पूर्ण लिहिते.)

ताई: ह्यांच्या ऑफिसात एक भुवनेश्वरच्या बाई आहेत, त्या दर रविवारी शिकवतात. पाणि, भात, निद, भोक. भोक म्हणजे भूक हं वहिनी, टाळूचं नव्हे. त्यांच्याकडे आपल्यासारखा ळ आहे, फळ म्हणजे फळच. चिऊनं फ्रिजवर चिठ्ठ्या लावल्यात. मी ठरवलंय, पहिले काही महिने मी बोऊ. ‘आई’ त्याची त्याला कधीतरी सुचली तर सुचली.

रविवार

ताई: आत्या, एक विचारायचंय. त्याचा फोटो तू कुणाला पाठवलास का?

नाशिकची आत्या: फक्त आमच्या भजनी मंडळाला. सगळ्याजणी म्हणाल्या, गोड आहे गं. एकीनं तर दृष्ट काढायला सांगितली.

ताई: भजनी मंडळाच्या ग्रुपवर किती जणी आहेत?

नाशिकची आत्या: ६२.

ताई: आत्या मी या ग्रुपवर टाकताना लिहिलं होतं ना, पुढे पाठवू नका म्हणून. तेही ठळक अक्षरात. तो अजून कायद्यानं आमचा नाही. आदेश व्हायचाय. कुणी नावागावासकट फेसबुकवर टाकला तर काय करायचं मी?

बाबा: अक्का, बाल न्याय कायद्याचं कलम ७४. अशा मुलाची ओळख उघड करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

नाशिकची आत्या: म्हणजे मी आता तुरुंगात जाऊ का? आनंदानं पाठवला. नातवाचा फोटो दाखवायची चोरी झाली.

*(नाशिकची आत्या ग्रुपमधून बाहेर पडली)*

दादा: बाबा, कलमाची गरज होती का?

बाबा: कलम माहीत असलेलं बरं.

नाशिकचे काका: ती शेजारच्या खोलीत आहे. एकेकीला फोन करून डिलीट करायला लावतेय. बत्तीसाव्या बाईपर्यंत पोचलीय. प्रत्येकीला कलम ७४ सांगतेय.

*(मी नाशिकच्या आत्याला ग्रुपमध्ये घेतलं)*

नाशिकची आत्या: सगळ्याजणींनी काढला. दोघी राहिल्यात, त्या चारधामला आहेत, तिथे रेंज नाही. रेंज आली की काढतील.

ताई: सॉरी आत्या, मी जरा जास्तच बोलले. माझा जीव टांगणीला लागलेला असतो गं. आमच्या सपोर्ट ग्रुपमध्ये एक कुटुंब चीनमधून मुलगी आणणार होतं. खोली रंगवून तयार होती. सप्टेंबर २०२४ मध्ये चीननं परदेशी दत्तक देणंच बंद केलं. ती खोली अजून तशीच आहे. म्हणून मी आदेश हातात येईपर्यंत कुणाला काही सांगत नाही.

नाशिकची आत्या: असू दे. पण बारसं तरी थाटात करायचं. नाव मी काढून ठेवलंय, ‘अ’वरून.

ताई: नाव बदलणार नाही आहोत. साडेचार वर्षं त्याच नावाला ओ देतोय तो. टाळूमुळे त्याला ते स्वतःला नीट म्हणताही येत नाही, पण कुणी हाक मारली की लगेच वळतो.

चिऊ (ताईच्या फोनवरून): माझं नाव पण नाही चेंज केलं. मग त्याचं का

नाशिकची आत्या: बरं बाई, राहिलं.

आई: व्हिसा झाला की दिल्लीहून पुण्याला घेऊन येशील ना? स्टेशनवर आम्ही सगळे येतो. त्याला मी माझ्याजवळ झोपवेन.

ताई: आई, हे फोनवर सांगणार होते, पण सगळ्यांसमोरच सांगते. येऊ, चार-पाच दिवस. पण स्टेशनवर फक्त दादा. आणि पहिले काही महिने त्याला भरवणं, आंघोळ, झोपवणं, पडला तर उचलणं हे मी किंवा हे, दोघंच करणार. तो कदाचित कुणाच्याही मांडीवर जाऊन बसेल. तुम्हाला वाटेल किती लळा लागला लगेच. तो लळा नाही. संस्थेत माणसं पाळ्यांनी बदलतात, जो येईल त्याच्याकडे जायची सवय असते. आपली माणसं दोनच, ती रोज तीच, हे त्याला आधी कळायला हवं. चिऊच्या वेळी हे मला माहीत नव्हतं. घर पाहुण्यांनी भरलं होतं, आणि ती नंतर वर्षभर दुकानातल्या बायकांच्या मागे जायची.

(यावर पंधरावीस मिनिटं कुणीच काही लिहिलं नाही. आई ‘टाइप करत आहे’ दिसायचं, मग बंद व्हायचं.)

आई: मग मी काय करायचं?

ताई: तू स्वयंपाक कर. रिपोर्टमध्ये लिहिलंय, भात आवडतो. डाळमा आवडतो, म्हणजे भाज्या घातलेली डाळ. आणि पखाळ.

आई: पखाळ काय असतं?

ताई: शिजवलेला भात रात्रभर पाण्यात ठेवायचा, सकाळी थोडा आंबतो. त्यात दही, मीठ, कढीपत्ता, जिऱ्याची फोडणी. सोबत भाजलेलं वांगं किंवा बटाट्याचं भरीत.

आई: म्हणजे आपला ताकातला शिळा भात. तुझे आजोबा उन्हाळ्यात रोज खायचे. त्याला कसली रेसिपी.

दादा: आई, आंबवायचा असतो. वेगळं आहे ते.

आई: कळलं. भात खाशील का, हे त्याच्या भाषेत कसं विचारायचं?

ताई: भात खाइबु?

आई: भात खाइबु. एवढं मी विचारू शकते ना? भरवणार नाही.

ताई: विचार गं. हवं तितक्या वेळा विचार.

बाबा: (फोटो: काचेच्या भांड्यात पाण्यात बुडालेला भात, वर ताटली)

बाबा: आत्ताच घातलाय. उद्या सकाळी मला खायचा आहे असं कळलं.

वहिनी: बाबा, फॅनखाली ठेवू नका, आंबणार नाही.