‘नाकाचं हाड वाढलंय’ म्हणजे नेमकं काय वाढतं?

प्रश्न: भावाच्या नाकाचा सीटी स्कॅन झाला. पडदा डावीकडे झुकलाय आणि उजवीकडचं टर्बिनेट सुजलंय, असं डॉक्टरांनी सांगितलं. आईने मात्र फोनवर सगळ्यांना कळवलं, ‘नाकाचं हाड वाढलंय.’ टर्बिनेटला मराठी शब्द आहे का? आणि ‘हाड वाढणं’ बरोबर आहे का?

———

आईंना दोष देऊ नका, सगळे असंच म्हणतात. अडचण एवढीच, की या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात.

पहिली म्हणजे पडदा वाकडा असणं. दोन नाकपुड्यांमधल्या भिंतीला आपण पडदा म्हणतो, आणि तो शब्द चोख आहे. हा पडदा पुढे कूर्चेचा, मागे हाडाचा असतो. मागच्या हाडांपैकी एकाचं नाव व्होमर, म्हणजे लॅटिनमध्ये नांगराचा फाळ; आकार खरोखर तसाच असतो. पडदा वाकला की एक बाजू अरुंद होते. त्यात वाढलेलं काही नसतं.

दुसरी गोष्ट टर्बिनेट. नाकाच्या बाहेरच्या भिंतीवरून आत वळलेल्या तीन गुंडाळ्या प्रत्येक बाजूला असतात: वरची, मधली, खालची. लॅटिन ‘टर्बो’ म्हणजे भोवरा, त्यावरून हे नाव पडलं. त्यांचं दुसरं नाव ‘कोंका’, म्हणजे शिंपला. हा शब्द आणि आपला ‘शंख’ एकाच मुळातले मानले जातात. संस्कृतावर घडवलेल्या परिभाषेत यांना शुक्तिका म्हणतात. शुक्ती म्हणजेही शिंपलाच. मला हा शब्द मनापासून आवडतो, कारण स्कॅनच्या चित्रात त्या गुंडाळ्या तशाच दिसतात.

शुक्तिकेच्या आत हाड असतं, पण पातळ. त्यावर रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेलं मऊ अस्तर असतं. आत येणारी हवा गरम आणि ओलसर करणं हे त्याचं काम. हे अस्तर फुगतं आणि ओसरतं. काही तास एक नाकपुडी मोकळी, मग दुसरी, असं निरोगी माणसातही चालू असतं. सर्दीत किंवा अ‍ॅलर्जीत ‘हाड वाढतं’ तेव्हा बहुतेक वेळा हे अस्तर सुजलेलं असतं. म्हणून ‘शुक्तिका सुजली’ म्हणा, निदान ‘आतलं अस्तर सुजलंय’ म्हणा. हाड म्हटलं की माणूस थेट कापाकापीच्या विचाराने घाबरतो, आणि सूज तर पुष्कळदा औषधानेही उतरते.

तिसरी गोष्ट ‘मांस वाढणं’, म्हणजे पॉलिप. ती वेगळीच, आणि तिला हाड म्हणण्यात काहीच अर्थ नाही.

———

प्रश्न: मग ‘घोळणा फुटला’ यातला घोळणा कुठे असतो? की नाकातून रक्त येणं एवढाच अर्थ?

———

घोळणा म्हणजे नाकाचा पुढचा मऊ भाग. आता गंमत बघा. पडद्याच्या पुढच्या, खालच्या भागात कित्येक धमन्यांची टोकं एकत्र येऊन जाळं तयार होतं. 1879 साली अमेरिकी सर्जन लिटल यांनी ही जागा दाखवली, म्हणून ती ‘लिटल यांचा भाग’. जाळ्याला जर्मन डॉक्टर कीसेलबाख यांचं नाव आहे. नाकातून येणारं रक्त बहुतेक वेळा इथूनच येतं. म्हणजे आपल्या बोलीने फुटण्याची जागा नेमकी धरली आहे.

हा शब्द लक्षात ठेवला तर कुठे दाबायचं हेही कळतं. पुष्कळ जण नाकाच्या वरच्या हाडाला चिमटा घेतात आणि मान मागे टाकतात. त्याने रक्त थांबत नाही, घशात मात्र उतरतं. मान जराशी पुढे झुकवायची, दोन्ही नाकपुड्या मऊ भागावर घट्ट दाबायच्या, तोंडाने श्वास घ्यायचा आणि दहा मिनिटं सोडून बघायचं नाही. तरीही थांबलं नाही तर डॉक्टरांकडे जायचं.

———

प्रश्न: ‘मला सायनस आहे’ हेही चूकच ना?

———

सायनस प्रत्येकालाच असतात! हवेने भरलेल्या या पोकळ्या: कपाळात, गालात, डोळ्यांच्या मधल्या भागात आणि खोल मागे, अशा चार जोड्या. पाठ्यपुस्तकी शब्द ‘नासाकोटर’. कोटर म्हणजे झाडाची ढोली, तेव्हा शब्द सुंदर आहे, पण बोलण्यात रुळला नाही. ‘सायनसचा त्रास आहे’ म्हटलं की काम भागतं.

जरा विषयांतर करतो. लॅटिन ‘सायनस’ म्हणजे घडी, खोलगट जागा. त्रिकोणमितीतला ‘साइन’ही याच शब्दातून आला, आणि तो तिथे पोचला संस्कृतातल्या ‘ज्या’ किंवा ‘जीवा’ (धनुष्याची दोरी) या शब्दावरून. अरबांनी जीवाचं ‘जीबा’ केलं, लिहिताना स्वर गळले, पुढे वाचणाऱ्यांनी ते ‘जैब’ वाचलं. जैब म्हणजे कपड्याची घडी, खिसा. आपल्याला माहीत असलेला ‘जेब’ तोच. बाराव्या शतकात त्याचं लॅटिन भाषांतर झालं ‘सायनस’. आर्यभटाच्या गणिती कोष्टकातली ‘ज्या’ आणि गालातली पोकळी अशा नावाने बहिणी झाल्या.

———

प्रश्न: शेवटचं. सर्दी झाली की आपण ‘नाकात बोलतो’. हे तरी बरोबर आहे?

———

नेमकं उलटं. तोंडाचं छत म्हणजे टाळू (डोक्यावरची टाळू वेगळी), आणि तीच नाकाची जमीन. तिचा मागचा मऊ भाग, ज्याच्या टोकाला पडजीभ लोंबते, तो खाली आला की हवा नाकात शिरते आणि ङ, ञ, ण, न, म उमटतात. सर्दीत ती वाटच बंद असते, म्हणजे नाकात बोलायचं तिथेही आपण नाकात बोलू शकत नाही. नाक घट्ट दाबून ‘मामा’ म्हणून बघा. ‘बाबा’ ऐकू येईल.