मदत हवी आहे: पवनचक्क्यांमधली शेवाळशेती, पवनकंपनीचा फायदा कुठे दाखवू?

खाराश: नेदरलँड्सच्या 'होलांडसे कुस्ट झाउड' या समुद्रातल्या पवनक्षेत्राचं (139 पवनचक्क्या, सरकारी अनुदान नाही) आर्थिक मॉडेल करतोय. तिथे चक्क्यांच्या मधे 2024 मध्ये 'नॉर्थ सी फार्म 1' ही 5 हेक्टरची समुद्री शेवाळशेती उतरवली. पवनकंपनीच्या खात्यात शेवाळवाल्याकडून येणारं भाडं आणि सामायिक बोटीची बचत धरली आहे. तरी उत्तर शून्याच्या आसपासच. काय निसटतंय?

नांगरदोर: काही निसटलेलं नाही, तेच खरं उत्तर आहे. 11 मेगावॅटची एक चक्की सरासरी 45 टक्के क्षमतेवर चालली तर दिवसाला सुमारे 119 मेगावॅट-तास. मेगावॅट-तासाला भाव 60 युरो धरा, साधारण 7,000 युरो. शेताकडून पहिल्या वर्षी अपेक्षा 6,000 किलो ओल्या शेवाळाची होती. किलोला एक युरो धरला, तर वर्षाचं अख्खं पीक एका चक्कीच्या एका दिवसाइतकंही नाही. यातून भाडं ते काय निघणार! उभारणीचा पैसासुद्धा अॅमेझॉनच्या निधीतून आला, सुरुवातीला 15 लाख युरो.

बोटीची बचतही कमी करा. देखभालीची बोट साधारण दीड मीटर लाटेपर्यंतच माणसं चढवते-उतरवते. शेवाळ शरदात लावतात, वसंतात कापतात, आणि कापणीलाही तेच शांत दिवस हवे असतात. शिवाय त्या बोटीवर ओला माल उचलण्याजोगी क्रेन नसते. लाटांची मोजणी, पर्यावरण-निरीक्षण, वाहतूक-नियंत्रण यांत वाटणी जमते, तेवढीच धरा.

बोया: विम्याची ओळ कुठाय? सुटलेला दोर बोटीच्या पंख्यात गेला, किंवा वादळात नांगर घसरून समुद्रतळाच्या वीजकेबलवर आला, तर भरपाई कोणाची? 'ज्याचं नुकसान त्याने सोसायचं' हा करार शेवाळवाल्याला परवडतो, पण केबलवाला का मान्य करेल? तो धोका सरकारने उचलावा, नाहीतर निविदेतच सहवापराला गुण द्यावेत. 2024 च्या आयमाउडेन व्हेर अल्फा या दुसऱ्या डच पवनक्षेत्राच्या निविदेत पर्यावरणाच्या उपायांना असे गुण होते. परवाना हातात पडल्यावर कंपनी कशाला हलेल?

खाराश: पटलं. शेत काढून नेण्याची हमी रक्कम किती टक्के धरू?

बोया: टक्के नकोत. नांगर, साखळ्या, दोर काढायला बोटीचे किती दिवस लागतील ते मोजा, त्यात हवामानामुळे वाया जाणारे दिवस मिळवा. बोटीच्या भाड्याचा दर मात्र हिवाळ्यातला घ्या. शेत फाटतं ते तेव्हाच.