गच्चीत कुंड्या भरायला उभ्याचा ओटा करायचाय, उंची किती आणि कशाचा?

मोगरा_गच्ची
मंडळी, घर रत्नागिरीत. गच्चीत चाळीसेक कुंड्या, बहुतेक १० इंची. सासूबाईंचा बागेत भारी जीव, पण पाटावर बसून माती कालवली की गुडघे धरून उठतात. म्हणून उभ्याने काम होईल असं ४ बाय २ फुटांचं टेबल हवंय. वर पत्र्याची शेड आहे, तरी जुलैत पाऊस आडवा येतोच. सुतार म्हणतो सागवान, मिस्टर म्हणतात प्लाय. आणि उंची स्वयंपाकाच्या ओट्याएवढी धरू ना?

रंधा_पटाशी
ताई, उंचीचं आधी, कारण तिथेच सगळे फसतात. स्वयंपाकाचा ओटा साधारण ३२-३४ इंचांचा. त्यावर १० इंची कुंडी ठेवलीत की तिचा काठ जातो ४२-४४ इंचांवर! आपले हात चालतात ते कुंडीच्या काठापाशी, टेबलावर नव्हे. सासूबाईंना पायात गच्चीतल्या चपला घालून उभं करा, कोपर काटकोनात वाकवायला सांगा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावा. त्यातून कुंडीची उंची वजा करा. कोपर ३८ इंचांवर आलं तर टेबल २८. माप त्यांचंच घ्या, सुनेचं नको.

आता माल. मी आयुष्यभर लाकडातच काम केलं, तरी कोकणात उघड्यावर लाकूड सुचवणार नाही. सागवान टिकेल, पण ओली माती आणि शेणखत रोज त्यावर पसरायचं तर एवढा पैसा कशाला? साधं प्लाय तर कडेने पाणी पिऊन फुगतंच. लोखंडी अँगलचा सांगाडा आणि वर कडप्पा. कोणाच्या तरी स्वयंपाकघराचं काम निघालं की जुना ओटा फोडतात, त्यातला अखंड तुकडा गवंड्याकडे मिळून जातो. मधोमध एक आडवा अँगल घ्याच, नाहीतर भरलेली कुंडी आपटली की कडप्पा मोडेल. मागे आणि दोन्ही बाजूंना चार बोटं उंच पट्टी लावा, पुढची बाजू मोकळी, म्हणजे उरलेली माती हाताने ओढली की थेट घमेल्यात. खाऱ्या हवेत गंज लवकर धरतो. आधी रेड ऑक्साइड, मग ऑइल पेंटचे दोन हात, आणि वेल्डिंगच्या सांध्यांत ब्रश नीट घालून.

देशावरचा_माळी
आमच्या नाशिकच्या हवेत एवढं लागत नाही. एमआयडीसीतून आलेल्या पॅलेटच्या पाइनच्या फळ्यांचं टेबल केलंय, अळशीचं तेल पाजलं की झालं. मात्र परदेशातून आलेलं पॅलेट असेल तर गव्हाच्या ओंबीचं चित्र असलेला शिक्का बघा. त्यात ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली, ते चालेल. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी, ते घेऊ नका.

मोगरा_गच्ची
कोपर ३७ भरलं! पण कडप्प्याचं वजन गच्चीला जड नाही का होणार? आणि पाय स्लॅबमध्ये बोल्टने घट्ट करू का?

रंधा_पटाशी
मग २७ ठेवा. इंचभर जाडीचा ४ बाय २ चा कडप्पा पन्नासेक किलो, सांगाडा धरून ऐंशीच्या आसपास. माती भरलेल्या दोन-तीन मोठ्या ड्रमांपेक्षा कमीच. तरी खाली तुळई किंवा भिंत येईल अशा जागी ठेवा.

बोल्ट अजिबात नको! ड्रिलने कोबा फुटला की पाणी थेट खालच्या खोलीत. वजनामुळे टेबल तसंच हलत नाही. पायांना खाली चौकोनी पट्ट्या वेल्ड करून घ्या आणि त्याखाली फरशीचे तुकडे द्या, म्हणजे पाय साचलेल्या पाण्यात राहणार नाहीत.

आणि खाली पूर्ण फळी मारू नका. अर्ध्या भागात कोकोपीट, खताचे डबे ठेवा. अर्धा मोकळा सोडा, सासूबाईंना स्टूल घेऊन पाय आत घालता येतील.