मॅगलुफवरून मायोर्का ठरवू नका

स्पेनच्या मायोर्का बेटाबद्दल एक तक्रार ऐकू येते: 'मायोर्कात अस्सल स्पॅनिश काही उरलंच नाही, जिकडेतिकडे इंग्लिश ब्रेकफास्ट आणि फुटबॉलचे स्क्रीन.' मॅगलुफ या ब्रिटिश पर्यटकांनी गजबजलेल्या किनारी पट्ट्यापुरतं हे शंभर टक्के मान्य. पण त्या बेटावर 'स्पॅनिश' शोधणंच जरा चुकतं. तिथली घरची बोली मायोर्की, म्हणजे कॅटलान भाषेचाच एक अवतार. दुकानात स्पॅनिश 'बुएनोस दियास'ऐवजी (म्हणजे शुभ सकाळ) तिथलं 'बोन दिया' म्हणून बघा, समोरच्याचा चेहरा खुलतो.

बुधवारी राजधानी पाल्माहून मानाकोरची ट्रेन धरून सिनेउ गावी उतरा. १३०६ पासूनचा आठवडी बाजार आहे तिथे. कोंबड्या-मेंढ्यांपासून टोपल्यांपर्यंत सगळं. (पर्यटक तिथेही असतात, पण सकाळी लवकर गेलात तर म्हाताऱ्यांची घासाघीस ऐकायला मिळते.) तिथेच 'पा आंब ओली' खा. जाड पावावर टोमॅटो चोळायचा, वर ऑलिव्हचं तेल नि मीठ. भाकरी-तेल-चटणीच्या जवळचंच प्रकरण.

शाकाहारी मंडळींनी मात्र ती गोल गोल, पिठीसाखर भुरभुरवलेली एन्साइमादा (तिथला गोड पाव) बघून भुलू नये. नावातला 'साइम' म्हणजे डुकराची चरबी. मला हे दुसरी संपवल्यावर कळलं.