साडेसात महिन्यांचं बाळ, चार महिन्यांचं बाळ आणि वेंगुर्ल्याचा समुद्र: काय काय सांभाळायचं?

टिळकवाडी_आई
पौष पौर्णिमेच्या शनिवार-रविवारी बेळगावहून वेंगुर्ल्याला जायचं ठरतंय. गाडी घरची, वाट शिनोळी, चंदगड, आंबोली, सावंतवाडी. माझं बाळ साडेसात महिन्यांचं, अंगावर पितं, दोन वेळा नाचणीचं सत्त्व खातं. सोबत जाऊबाई, त्यांचं बाळ चार महिन्यांचं आणि डब्याच्या दुधावर. सकाळी निघून रात्री परत, असं पुरुषमंडळींचं म्हणणं. सासूबाई म्हणतात, अंगाला खोबरेल चोळून न्या, खारं पाणी बाधत नाही. किती वाजता न्यावं, सनस्क्रीन लावावं का, पाण्यात उतरवावं का, एवढं कुणीतरी नीट सांगा.

खानापूरची_काकू
रात्री परत यायचा बेत आधी मोडा. जायला तीन-साडेतीन तास, बाळ बरोबर असलं की थांबत थांबत चार. पहाटे पाचला निघालात तरी वाळूत पाय ठेवेपर्यंत नऊ वाजतात, आणि दहा ते चार हे बाळाला उन्हात काढायचे तासच नव्हेत. म्हणजे एवढी धावपळ करून पदरात एक तास. त्यापेक्षा शनिवारी अकराला निघा, तीनला पोचा, साडेचार ते सहा समुद्र. रात्री मुक्काम. रविवारी सव्वासात ते नऊ पुन्हा एकदा, आणि जेवून परत.

दुसरी गोष्ट कपड्यांची, हिच्यात बेळगावची माणसं हमखास फसतात. आपण समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर. जानेवारीत सकाळी स्वेटर, कुंची, मोजे घालून बाळ गाडीत बसतं आणि आंबोली उतरून सावंतवाडी आली की तेच बाळ घामाने चिंब. खाली हवा दमट, घाम वाळत नाही, मानेखाली आणि जांघेत पुरळ उठतं. म्हणून आत एक पातळ सुती झबलं आणि वरून दुपटं, एवढंच. गारठा वाटला तर दुपटं, उकडलं तर काढलं. गाडीतल्या बाळाच्या सीटचे पट्टे तसेही जाड स्वेटरवरून घट्ट बसत नाहीत. सीट मागच्या बाजूला तोंड करूनच लावा. मांडीवर घेऊन घाट उतरू नका, आणि अंगावर पाजायचं असेल तर गाडी बाजूला घेऊन.

आंबोलीला थांबून पाजा, पण पोट गच्च भरू नका. घाट उतरताना कानात दडे बसून बाळ रडतं. चोखणीची सवय असेल तर तेवढ्यापुरती द्या. नसेल तर रडण्यानेही कान मोकळे होतात, घाबरू नका.

निपाणी_सिस्टर
सनस्क्रीनबद्दल. चार महिन्यांच्या बाळाला नको. सहा महिन्यांपर्यंत सावली आणि अंगभर सुती कपडे हाच उपाय, कारण त्या वयाची कातडी फार पातळ असते. साडेसात महिन्यांच्या बाळाला चालेल: झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेलं, एसपीएफ ३० किंवा वर, बिनवासाचं. आदल्या दिवशी दंडावर थेंबभर लावून पुरळ येतं का बघा. गाल, कानाच्या पाळ्या, मानेची मागची बाजू, हातापायांचा वरचा भाग, असं उघडं राहतं तेवढ्यालाच, निघण्याआधी अर्धा तास. दर दोन तासांनी आणि ओलं झाल्यावर पुन्हा. बोटं तोंडात जातात तिथे आणि डोळ्यांजवळ नको.

खोबरेल जाण्याआधी नको, सासूबाईंना समजावून सांगा. ते ऊन अडवत नाही, आणि तेलकट अंगाला वाळू अशी चिकटते की पुसताना कातडी सोलवटते. आल्यावर अंघोळ झाली की खुशाल चोळा. त्या दिवशी काजळही नको, घाम आणि खाऱ्या पाण्याने डोळ्यांत उतरतं. मनगट्या, वाळे, कमरेचा दोरा काढून ठेवा. त्यांच्याखाली वाळू अडकून वळ उठतात. नजरेची तीट हवीच असेल तर तळपायाला लावा.

दूध: डब्याचं दूध करून नेऊ नका. उकळलेलं पाणी थर्मासमध्ये आणि पावडर एकेका बाटलीच्या मापाने छोट्या कोरड्या डब्यांत वेगळी. पाजायच्या वेळी कालवा, गार करून द्या, उरलेलं ओतून टाका. चार महिन्यांच्या बाळाला वरून पाणी, शहाळं, ग्लुकोज काही नाही. गरमीत दूधच जास्त वेळा. साडेसात महिन्यांच्याला अंगावरचं दूध जास्त वेळा आणि उकळलेल्या पाण्याचे दोन-चार घोट. सत्त्व घरून शिजवून नेलंत तर दुपारपर्यंत आंबतं, तिथे ताजं शिजवा नाहीतर केळं कुस्करून द्या.

सहा तासांत लंगोट ओला झाला नाही, टाळू खोल गेली, रडताना डोळ्यांत पाणी नाही किंवा बाळ मलूल होऊन दूध ओढेना, तर वाट बघू नका, दवाखाना गाठा.

टिळकवाडी_आई
खूप उपयोग झाला. बाळांसाठी एक छोटा तंबू मागवलाय, तो पुरेल ना? आणि पाण्याचं राहिलंच.

वेळागर_किनारा
तंबू बंद करून वापरणार असाल तर नकोच. वारा आत येत नाही, दहा मिनिटांत भट्टी होते. बाबागाडीवर ओढणी टाकली तरी तेच. दोन बाजू उघड्या राहतील असाच लावा. छत्रीखाली बसलं की झालं, असंही नाही. कोरडी वाळू ऊन परत फेकते, म्हणून सावलीतही टोपडं आणि बाह्या हव्यात. सगळ्यात चांगली सावली सुरूच्या बनातली, शिरोड्याला वेळागरला आहे. खाली ताडपत्री आणि वर गोधडी घाला, सुरूची फळं टोचतात. माडाखाली मात्र बाळ ठेवू नका. झावळी पडायला वारा लागतोच असं नाही.

आता पाणी. पौर्णिमेला भरती अकरा-बाराच्या सुमाराला, म्हणजे ओहोटी सकाळ-संध्याकाळी पाच-सहाच्या आसपास. तिथीच्या आकड्याला (पौर्णिमेला पंधरा) तीनने गुणून चारने भागलं की भरतीची वेळ, हा जुना आडाखा, ढोबळ आहे पण बेत आखायला पुरतो. तुमच्या शनिवारी साडेचारला पाणी जवळजवळ तळाला असेल, ओली घट्ट वाळू भरपूर मिळेल. रविवारी सकाळी उलटं, पाणी चढत असतं आणि उधाणाची भरती लांबवर येते. आदल्या भरतीने टाकलेल्या कचऱ्याच्या रेघेच्या बऱ्याच वर पथारी टाका. खाडीचं मुख टाळा, तिथे ओढ असते. सकाळी रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, किनाऱ्यावर ओढतात तो पट्टाही टाळा: दोर, कुजकी मासळी, माश्या, कुत्री.

चार महिन्यांचं बाळ पाण्यात नाही. पाय ओले करायचे तर तांब्याने. मोठ्याला घोट्याएवढ्या पाण्यात, तुम्ही खाली बसून, दोन्ही हात काखेत धरून, पहिल्यांदा पाचच मिनिटं. तोंड समुद्राकडे, लाट पाठीवर घेऊ नका. हवा भरलेली पोहायची कडी आणि दंडातले फुगे यांच्या भरवशावर बाळ सोडू नका. ओठ निळसर दिसले किंवा हुडहुडी भरली की लगेच बाहेर आणि कोरड्या पंचात. नेहमीचा डायपर पाणी पिऊन वीटभर जड होतो आणि मांड्या काचतात. पोहण्याचा डायपर किंवा साधा सुती लंगोट, तोही पाण्यात जायच्या ऐन वेळी, कारण त्यात शू थांबत नाही. जांघेत आधी झिंकचं मलम.

खानापूरची_काकू
वाळू काढायचा क्रम लिहायचा राहिला. ओल्या अंगावरची वाळू घासू नका. आधी अंग सुकू द्या, मग मलमलच्या कोरड्या फडक्याने झटका. टाल्कम पावडर मुळीच नको, ती श्वासातून आत जाते. मग पाच लिटरचा गोड्या पाण्याचा कॅन, पण गाडीत उन्हात राहिला असेल तर आधी कोपर घालून बघा. पाणी वरून खाली, मान, काखा, जांघा, गुडघ्याची मागची घडी, आणि टिपून घ्या. डोळ्यांत वाळू गेली तर चोळू नका, बाळाचे हात दुपट्यात धरून उकळून गार केलेलं पाणी नाकाच्या कडेकडून बाहेर ओता.

हे चालू असताना दुसरं बाळ गाडीत एकटं ठेवायचं नाही, काच खाली असली तरी. दोन बाळांना दोन माणसं नेमा, फोटो तिसऱ्याने काढावेत.