जुन्या रोड बाईकची फिक्सी (चाक फिरतं तोवर पेडलही फिरत राहणारी, फ्रीव्हील नसलेली सायकल) करतोय, ४८/१६ (पुढच्या चक्रीला ४८ दाते, मागच्या चक्रीला १६) चालेल का?

स्टीलची जुनी फ्रेम आहे, मागचे ड्रॉपआउट (चाकाचा आस बसतो त्या खाचा) आडवे आहेत त्यामुळे चेन ताणता येईल. फिक्स्ड पहिल्यांदाच चालवणार, ४८/१६ लावू का?

> ४८/१६ नको रे, बरोब्बर ३ पट होतो, गुडघ्यांना जड जाईल आणि स्किड मारलीस (पाय रोखून मागचं चाक घसरवलंस) की टायर दरवेळी एकाच जागी घासणार. ४६/१७ लाव, घासायला १७ जागा मिळतात. पुढचा ब्रेक मात्र काढू नकोस प्लीज, वळणावर सवयीने पाय थांबवलास तर पेडल पायाला असा हिसका देतं ना!

> चेन फार ताणू नको, मधोमध बोटाने दाबली की सेंटिमीटरभर हलली पाहिजे, क्रँक (पेडलचा दांडा) पूर्ण फिरवून बघ कारण चेनरिंग (पुढची चक्री) जरा वाकडी असली की एका ठिकाणी घट्ट होते. लॉकरिंगचे (मागची चक्री घट्ट धरणाऱ्या रिंगचे) आटे उलटे असतात हां.