बॅकअप कसा घेता? पद्धती आणि खाचखळगे

धागाकर्ता
'क्लाउडवर आहे की सगळं' एवढ्यावर भागवू नका. कोणती फोल्डरं, किती दिवसांनी, कुठे, आणि परत कशी मिळवता, तेही लिहा. पाया सगळ्यांना ठाऊक असेलच: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. एकाच डिस्कचे सी आणि डी असे भाग पाडून इकडचं तिकडे ठेवलं, तर ती दुसरी प्रत धरू नका. डिस्क गेली की दोन्ही गेले. रेडचंही (एकच माल दोन डिस्कवर लिहिणारी जोडणी) तेच. एक डिस्क बंद पडली तरी काम चालू राहावं म्हणून ते असतं. चुकून डिलीट केलेली फाइल ते दोन्ही डिस्कवरून इमानदारीने डिलीट करतं.

काळीखिडकी
विंडोजवर रोबोकॉपी (विंडोजमधलीच फायलींची प्रत काढायची आज्ञा) पुरतं, वेगळं काही विकत घ्यायला नको. फक्त तिच्यापुढे जोडायचा /एमआयआर हा स्विच (पर्याय) जपून वापरा. मूळ जागी जे नाही ते हा स्विच प्रतीतूनही काढून टाकतो, त्यामुळे मूळ आणि प्रत या दोन पत्त्यांची अदलाबदल झाली तर रिकाम्या डिस्कची हुबेहूब प्रत मिळते! आधी /एल लावून चालवा, म्हणजे काय होणार याची नुसती यादी दिसते. दुसरी गोष्ट, फाइल उघडी असेल तर रोबोकॉपी मुळात दहा लाख वेळा प्रयत्न करतं, दर प्रयत्नामागे ३० सेकंद थांबून. आउटलुक चालू असताना त्याच्या पीएसटी (मेल साठवणाऱ्या) फाइलपाशी गाडी अडते ती यामुळेच. /आर:२ /डब्ल्यू:५ (दोनच प्रयत्न, मध्ये पाच सेकंद) द्या आणि आउटलुक बंद करून चालवा.
थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅमची मेल आणि ब्राउझरची प्रोफाइल ॲपडेटा या लपलेल्या फोल्डरात असतात. नुसतं डॉक्युमेंट्स उचललंत तर ती मागे राहतात.

पेंग्विन
लिनक्सवाल्यांसाठी आरसिंक, तिकडची प्रत काढायची आज्ञा. मूळ फोल्डरच्या नावाशेवटी तिरकी रेघ दिली तर आतला माल जातो, नाही दिली तर फोल्डरसकट जातो. पण खरी गोम --डिलीटमध्ये आहे, मूळ जागी नसलेलं प्रतीतूनही काढणाऱ्या पर्यायात. मूळ डिस्क माउंट झालेली (सिस्टिमला जोडलेली) नसली की तिच्या जागी रिकामं फोल्डर दिसतं. आरसिंक म्हणतं, इथे काहीच नाही, आणि चांगली प्रत साफ करतं. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणारी सोय) लावताना आधी माउंटपॉइंटची, म्हणजे डिस्क त्या जागी जोडली आहे का याची, तपासणी घाला, शिवाय --मॅक्स-डिलीटने किती फायली डिलीट होऊ द्यायच्या याची मर्यादा. नवीन आज्ञा पहिल्यांदा --ड्राय-रननेच, म्हणजे काही न बदलता नुसती चाचणी.

ढगातली
सिंक आणि बॅकअप यांत गल्लत नको. सिंकमध्ये इकडे डिलीट केलेलं तिकडूनही डिलीट होतं. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल ३० दिवस राहते, पुढे नाही. वनड्राइव्हची आणखी एक गंमत: ज्या फायलींवर नुसतं ढगाचं चिन्ह दिसतं त्या संगणकावर नसतातच, फक्त नाव असतं. बाहेरच्या डिस्कवर प्रत घ्यायच्या आधी त्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'कायम या संगणकावर ठेवा' हा पर्याय निवडा आणि सगळं उतरेपर्यंत थांबा.
पहिल्या अपलोडचा हिशोबही करून ठेवा. २० एमबीपीएस अपलोड म्हणजे सेकंदाला अडीच एमबी. ५०० जीबीला साधारण ५५ तास. तेवढ्यात लॅपटॉप झोपी गेला की बोंबला. स्लीप बंद ठेवा.

काळीखिडकी
@ढगातली, बरोबर. आणि बाहेरची डिस्क काम झालं की काढून ठेवा. रॅन्समवेअर (फायली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) जोडलेली प्रत्येक ड्राइव्ह लॉक करतं, बॅकअपचीसुद्धा.

कुलूपकिल्ली
बॅकअपची डिस्क एन्क्रिप्ट (किल्लीशिवाय वाचता न येणारी) करावीच, पण किल्ली त्याच डिस्कवर किंवा त्याच लॅपटॉपवर ठेवू नका. बिटलॉकरची (विंडोजची डिस्क एन्क्रिप्ट करायची सोय) रिकव्हरी की ४८ अंकी असते, पाठ होणारी नाही. कागदावर छापून वेगळ्या जागी ठेवा.

वाचनमात्र
डिस्क किती मोठी घ्यावी? आणि पेनड्राइव्ह चालेल का?

पेंग्विन
जुन्या आवृत्त्या ठेवायच्या तर माल असेल त्याच्या निदान दुप्पट. पेनड्राइव्ह फाइल इकडून तिकडे न्यायला ठीक, वर्षानुवर्षं कपाटात ठेवायला नाही. शिवाय तो फॅट३२ या जुन्या फॉरमॅटचा असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल घेत नाही, मोठे व्हिडिओ तिथेच अडकतात. एक्सफॅट या फॉरमॅटचा करून घ्या. तीन महिन्यांतून एकदा बॅकअपमधलं एखादं फोल्डर दुसऱ्याच संगणकावर उतरवा आणि त्यातल्या चार-पाच फायली खरोखर उघडून पाहा. नावं आणि आकार जुळले तरी आतला मजकूर बिघडलेला असू शकतो.